पाळकांची बदली: चार वर्षांत मंडळी उभी राहते का?

वेशीजवळचा
सर्वांना सलाम. नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकीय समितीवर मी बारा वर्षे आहे. गावाचे नाव मुद्दामच सांगत नाही. गेल्या महिन्यात आमच्या पाळकसाहेबांची, म्हणजे धर्मगुरूंची, बदली झाली. माणसाने चार वर्षांत तरुण संघ उभा केला होता. निरोपसमारंभ झाला आणि पुढच्याच रविवारी मागचे बाक ओस!

पहिले वर्ष घरांची ओळख होण्यात जाते. दुसऱ्या वर्षी कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे ते कळते. तिसऱ्या वर्षी लोक मनातले सांगू लागतात आणि चौथ्या वर्षी सामान न्यायला टेम्पो दारात. आमचे मूळ अमेरिकन मराठी मिशनचे, काँग्रिगेशनल वळणाचे. त्या परंपरेत मंडळी आपला पाळक आपणच बोलावते. 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, सहा पंथ एकत्र आले, बिशप आले आणि पाळकांच्या बदल्या त्यांच्या हाती गेल्या. ऐक्याबद्दल तक्रार नाही, पण पाळक निदान दहा वर्षे तरी राहू द्या.

पुणेकर_बाकावरचा
दहा? आमच्या स्वतंत्र चर्चमध्ये सव्वीस वर्षे एकच पाळक आहेत. उपदेश त्यांचा, चेकबुक त्यांचे, ट्रस्टवर पत्नी आणि मेहुणा. एका भावाने दशांशाचा (उत्पन्नातून मंडळीला दिलेल्या दहाव्या हिश्शाचा) हिशेब विचारला, तर पुढच्या रविवारी उपदेशाचा विषय काय? ‘माझ्या अभिषिक्ताला हात लावू नका.’ तो भाऊ आता दुसरीकडे जातो. तुम्हाला बदली नको वाटते, आम्हाला ती स्वप्नात दिसते.

वेशीजवळचा
भाऊ, हा दोष मुक्कामाचा नाही, हिशेबाचा आहे. चोरी करायला चार वर्षेही पुरतात.

पेटीवाली
तुम्ही दोघेही पाळकाभोवतीच फिरताय. मागचे बाक रिकामे झाले म्हणजे ती मुले पाळकसाहेबांची होती, मंडळीची झालीच नव्हती.

बायबलमधला निर्गम 18 काढा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसलेला पाहून सासरा इथ्रो म्हणतो, तू थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेम. आम्ही यातला ‘दहा’ तेवढा उचलला. 140 घरे, महिला मंडळाच्या चौदा जणी, प्रत्येकीकडे दहा घरे. कोण दवाखान्यात आहे, कोणाचा मुलगा पिऊन येतो, कोण तीन रविवार आले नाही, हे आम्हाला आधी कळते. पाळकसाहेबांना आम्ही सांगतो. तीन पाळक बदलले. उपदेश कधी बरा, कधी लांबलचक, पण घरे तुटली नाहीत.

कोपरगावचा_जावई
ताई, ऐकायला छान. पण त्या दहा घरांतच तुमच्या बाईची जाऊ असेल आणि दोघींचा वाटणीचा दावा चालू असेल, तर? गावच्या वडीलपणालाही, म्हणजे मंडळीतल्या पुढारीपणालाही, वतनाची सवय लागते. आमच्याकडे आजोबा, मुलगा, आता नातू. बाहेरून आलेल्या पाळकाचे गावात सोयरेधायरे नसतात, हीच त्याची ताकद. आमच्या दोन घराण्यांना एका प्रभूभोजनाला आणले ते बदलून आलेल्या पाळकानेच. त्याला कोणाची बाजू घ्यायची नव्हती.

पेटीवाली
जावेचा मुद्दा मान्य. आमच्याकडेही झाले होते. घरे बदलून दिली. दर दोन वर्षांनी बदलतो आता.

वेशीजवळचा
म्हणजे शेवटी तुम्हीही बदल्या करताच की! 😀

जुना_अंक
टिळकांचे उदाहरण घ्या. 1917 साली ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. मिशनच्या पगाराबाहेरची, देशी वळणाची मंडळी असावी ही तळमळ. 1919 साली ते गेले आणि दरबार पुढे फार टिकला नाही. एवढा मोठा माणूस, तरी एकट्याच्या खांद्यावरचे घर ते.

कोपरगावचा_जावई
दरबार गेला, पण टिळकांची गीते दर रविवारी कोण गाते? मग माणसाने उभारलेले टिकले नाही असे कसे म्हणता?

जुना_अंक
टिकली, कारण ती पेटीवाल्या ताईंच्या हातात गेली.

पुणेकर_बाकावरचा
हिशेबाचे मात्र कोणी बोलत नाही. बायबलमधले प्रेषितांची कृत्ये 6 बघा. पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. मग जे सात जण निवडले त्यांची नावे वाचा: स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर… सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार, त्यांच्याकडेच वाटप. आमच्याकडे तक्रार करणाऱ्याला दार दाखवतात.

वेशीजवळचा
हे मात्र लागले. आमच्या समितीत हार्वेस्टच्या (सुगीच्या सणाच्या) लिलावाचे पैसे कोण मोजतो यावरून एक तरुण दरवर्षी भांडतो. आम्ही त्याला ‘नाट लावणारा’ म्हणतो. या वर्षी त्यालाच मोजायला बसवायचे म्हणतोय. दहा वर्षांची मागणी मात्र मी सोडलेली नाही. पेटीवाल्या ताई, घरवाटपाची यादी कशी करता? वस्तीवार की आडनावावर?

पेटीवाली
वस्तीवार. आडनावावर कराल तर पुन्हा जावाच एकत्र येतील.