‘एकमेकांवर कृपा करा’ असं म्हणता येईल का?

माजिवडा, ठाणे

नमस्कार मंडळी. आमच्या चर्चमध्ये दांपत्यांचा मेळावा आहे आणि पत्रिकेवर मराठीत दोन ओळी घालायचं काम माझ्याकडे आलंय. तरुण जोडपी आपसात बोलताना म्हणतात, नवराबायकोनं एकमेकांना ‘ग्रेस’ द्यायला हवी. त्याचं मराठी मी ‘एकमेकांवर कृपा करा’ असं केलं आणि घरी वाचून दाखवलं. सासूबाई लगेच म्हणाल्या, हा तर टोमणा वाटतोय. ‘कृपा करा आणि गप्प बसा’, ‘झाली म्हणायची आपली कृपा’, हेच आधी कानावर येतं. मग काय लिहू? दया, माया, क्षमा, की कृपाच राहू दे?

कळवा

दया नको, ताई. दयेत समोरच्याची कीव येते. उपकार तर मुळीच नको, कारण उपकार म्हटला की फेड आली. ‘माया’ गोड आहे, पण ती आपल्या माणसावर आपोआप जडते. कृपेचा कस लागतो तो माया आटल्यासारखी वाटते त्या दिवशी. ‘अनुग्रह’ अर्थानं जवळचा, पण तो ऐकला की गुरू आणि दीक्षाच आठवते.

नेरुळ, नवी मुंबई

सासूबाईंचा कान बरोबर आहे, आणि तो का बरोबर आहे हे बघण्यासारखं आहे. मराठीत कृपा वरून खाली येते. राजाची प्रजेवर, गुरूची शिष्यावर, देवाची भक्तावर. कृपादृष्टी, कृपाछत्र, कृपाप्रसाद, आणि ती सरली की अवकृपा. या सगळ्यांत देणारा उंचावर आणि घेणारा पायाशी. म्हणून नवऱ्यानं ‘मी तिच्यावर कृपा केली’ म्हटलं की ते मग्रुरीचं वाटतं.

आता उपासनेच्या शेवटी आपण ऐकतो तो आशीर्वाद आठवा: ‘प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती व पवित्र आत्म्याची सहभागिता तुम्हा सर्वांबरोबर असो’ (बायबलचा नवा करार, २ करिंथ १३:१४). तुम्हा सर्वां‘वर’ नाही, सर्वां‘बरोबर’. मूळ ग्रीकमध्येही ‘सह’ या अर्थाचाच शब्द आहे. ख्रिस्ती मराठीत कृपा सोबत राहते, घरात वावरते. माझ्या मते तुमच्या प्रश्नाची किल्ली या ‘बरोबर’मध्ये आहे.

मूळ ग्रीक शब्द आहे खारिस. कमावलेली नाही, मागायचा हक्कही नाही, तरी मिळते ती देणगी. इफिसकरांस पत्रात प्रेषित पौल म्हणतो की तारण कृपेनं झालं, ते आपल्या हातून झालेलं नाही, देवाचं दान आहे (२:८). दहावीच्या ग्रेस मार्कांशी याची गल्लत करू नये. ते मार्क मिळायला निदान काठावर तरी पोचलेलं असावं लागतं. कृपेला तीही अट नाही.

याच खारिसपासून एक क्रियापद बनतं, खारिझोमाय, म्हणजे कृपेनं देऊन टाकणं. लूकच्या शुभवर्तमानात ७व्या अध्यायातल्या गोष्टीत सावकार दोन्ही ऋणकोंचं कर्ज सोडून देतो तिथे हेच क्रियापद आहे, आणि ‘एकमेकांना क्षमा करा’ (इफिस ४:३२, कलस्सै ३:१३) इथेही हेच. म्हणजे तिथली क्षमा कर्ज माफ करण्याच्या जातीची आहे. १ करिंथ १३ मध्ये प्रीती ‘अपकार स्मरत नाही’ असं मराठीत आहे. मुळात तिथे हिशेबात धरण्याचं क्रियापद आहे, प्रीती वाइटाची नोंद ठेवत नाही. ‘तुझ्या आईच्या आजारपणात मी रजा काढली, माझ्या वेळी तू काय केलंस?’ ही वही ज्या घरात रोज उघडते, तिथे दोघंही सज्जन असूनसुद्धा जीव गुदमरतो.

वागळे इस्टेट, ठाणे

घरगुती मराठीत याला सुंदर शब्द आहे: चूक पोटात घालणं. सांभाळून घेणं, पदरात घेणं हेही आहेत. ठाण्याहून वाशीला रोज लोंबकळत जाऊन-येऊन माणूस रात्री तडकून बोलला तर बायको म्हणते, जाऊ दे, दमलाय. कृपा म्हणजे हेच ना?

घणसोली, नवी मुंबई

हेच, पण अर्धं. आणि मला राहवत नाही म्हणून स्पष्ट लिहिते. पोटात घालायचं ते पोट नेहमी बाईचंच का? तीही त्याच गाडीतून लोंबकळत आलेली असते. मार खाणाऱ्या बाईला ‘कृपेनं वाग, प्रार्थना कर’ असं सांगून परत पाठवलेलं मी पाहिलंय. तो सल्ला कृपेच्या नावानं दिला तरी त्यात कृपा नव्हती. या सोसण्याला कायद्याचंही पाठबळ होतं. १८६९च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती बायकोला नुसत्या क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मागता येत नव्हता. ते बदलायला २००१ची दुरुस्ती यावी लागली. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा तर सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. ज्याचं कर्ज सोडायचं त्यानं आधी कर्ज आहे हे कबूल करायला हवं. ‘सोसणं’ आणि ‘क्षमा करणं’ हे दोन शब्द या चर्चेत वेगळे राहू द्या, ही कळकळीची विनंती.

नेरुळ, नवी मुंबई

तुमचं म्हणणं शब्दन् शब्द मान्य. म्हणूनच १ पेत्र ३:७ मला महत्त्वाचं वाटतं. ते वचन पतींना उद्देशून आहे. त्यात स्त्रीला ‘नाजूक’ म्हटलंय, ते आज अनेकींना खटकेल, पण पुढचं वाक्य पाहा: ‘तुम्ही उभयता जीवनरूपी कृपादानाचे समाईक वतनदार आहात’. वतनदार! अरबी-फारसीतून आलेला, पण गावगाड्यात पुरता मुरलेला शब्द. वतन समाईक, म्हणजे एकाच्या नावावर नाही. दोघंही घेणारे, देणारा तिसराच. आणि हे न पाळणाऱ्या नवऱ्याच्या प्रार्थनेत व्यत्यय येईल, असा इशाराही तिथेच आहे. हा भाग लग्नाच्या प्रवचनात सहसा कुणी वाचत नाही.

कॅथलिक शिकवणीतही हा विचार आहे. ट्रेंटच्या धर्मसभेनं १५६३ मध्ये विवाह हा कृपा देणारा संस्कार असल्याचं ठासून सांगितलं, आणि लॅटिन परंपरेनुसार हा संस्कार वधूवर स्वतःच एकमेकांना देतात. धर्मगुरू मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) वतीनं संमती स्वीकारतो आणि आशीर्वाद देतो. प्रोटेस्टंट मंडळ्या विवाहाला बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनाच्या रांगेत बसवत नाहीत, पण तो देवासमोरचा करार मानतात.

कळवा

मराठी उदाहरण हवं तर टिळक दांपत्याचं घ्या. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली काही वर्षं दोघं वेगळे राहिले. नंतर एकत्र आले तेव्हाही त्या लगेच ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. स्वतःच्या मनानं झाल्या. टिळक तापट होते, तरी ही वाट त्यांनी पाहिली. वाट पाहणं हाही मला कृपेचाच अर्थ वाटतो.

वागळे इस्टेट, ठाणे

अजून एक. खारिसचा अर्थ आभार असाही होतो ना? आपल्याकडे नवराबायको एकमेकांचे आभार मानत नाहीत, परकं वाटतं.

नेरुळ, नवी मुंबई

होतो. ‘युखरिस्त’ (प्रभुभोजनाचा विधी) हा शब्द त्यातूनच आला, त्याचा अर्थ आभारप्रदर्शन. ग्रीकमध्ये देणगी आणि तिची जाणीव एकाच शब्दात राहतात. ‘आभारी आहे’ घरात अवघडतं हे खरं. पण ‘आज तू होतीस म्हणून निभावलं’ हे अवघडत नाही. कलस्सै ४:६ मध्ये बोलणं ‘कृपायुक्त, मिठाने रुचकर केल्यासारखे’ असावं असं आहे. ते वचन बाहेरच्यांशी वागण्याबद्दलचं. मग रिक्षावाल्याशी, सोसायटीच्या वॉचमनशी, आणि घरात तर त्याआधी.

माजिवडा, ठाणे

सगळ्यांचे आभार. पत्रिकेवर आता असं जाईल:

‘प्रभूची कृपा तुम्हा उभयतांबरोबर असो. एकमेकांना सांभाळून घ्या, दोघंही.’

‘दोघंही’ घणसोलीच्या ताईंमुळे आलं. खाली १ पेत्र ३:७ चा संदर्भ देतेय. आमच्याकडची कॉलेजची मुलं ‘वतनदार’वर अडली, म्हणून शेजारी ‘वारस’ असं लिहिलंय. सासूबाईंनी वाचलं आणि ‘छापायला द्या’ म्हणाल्या.