स्पीच जनरेटिंग डिव्हाइसचं बिलिंग: ‘शैक्षणिक’ म्हणून नाकारलेलं ऑथरायझेशन आणि मेडिकेअर-हॉस्पिसचा पेच (अमेरिका)

निशिगंधा_बिलिंग

नमस्कार मंडळी. स्पीच थेरपी क्लिनिकच्या बिलिंगमधले दोन पेच आहेत, दोन्ही स्पीच जनरेटिंग डिव्हाइसचे, म्हणजे बोलता न येणाऱ्याच्या वतीने आवाजात बोलणाऱ्या यंत्राचे.

पहिला: पाच वर्षांचा मुलगा, ऑटिझम, दोन-तीनच शब्द बोलतो आणि तेही परक्याला कळत नाहीत. वडिलांच्या नोकरीतून मिळालेला सेल्फ-फंडेड प्लॅन (उपचाराचे पैसे कंपनी स्वतः भरते). सप्लायरने ई२५१० (अनेक पद्धतींनी वाक्य बनवता येणाऱ्या यंत्राचा बिलिंग कोड) साठी प्रायर ऑथरायझेशन, म्हणजे आगाऊ मंजुरी, मागितलं, ते नाकारलं. कारणं दोन: ‘उपकरण शैक्षणिक आहे, शाळेने पुरवावं’ आणि ‘टॅब्लेट ही सर्वसाधारण ग्राहकोपयोगी वस्तू आहे’. अर्जावर निदान एफ८०.२ (भाषेची विकासात्मक अडचण) पहिलं, एफ८४.० (ऑटिझम) दुसरं.

दुसरा: एएलएसचे (स्नायू हळूहळू निकामी करणारा चेतातंतूंचा आजार) रुग्ण, ओरिजिनल मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा), डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं यंत्र हवंय. इव्हॅल्युएशन झालं, रिपोर्ट लिहून तयार आहे. घरच्यांचं हॉस्पिसबद्दल, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या शुश्रूषेबद्दल, बोलणं सुरू आहे. यंत्र आधी की हॉस्पिस आधी, याने काय फरक पडतो? आणि इव्हॅल्युएशन १०० मिनिटं चाललं, युनिट्स किती लावायची?

केदार_डीएमई

दुसरं आधी घेतो, कारण तिथे घड्याळ चालू आहे.

हॉस्पिस सुरू झालं की मुख्य आजाराशी संबंधित उपकरणं हॉस्पिसने आपल्या रोजच्या ठरावीक दरातून द्यायची असतात, पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टर, थेरपी आणि उपकरणांचा भाग) वेगळे पैसे देत नाही. एएलएसमध्ये वाचा जाते ती त्याच आजाराने, त्यामुळे ‘याचा संबंध नाही’ असं म्हणायला जागाच नाही. म्हणून यंत्राची डिलिव्हरी हॉस्पिस निवडल्याच्या तारखेआधी व्हायला हवी. ऑर्डर आधीची असून भागत नाही. सप्लायरला आजच फोन करा आणि घरच्यांनाही हे स्पष्ट सांगा. हॉस्पिसची गरज तातडीची असेल तर अर्थात ती आधी, पण निर्णय माहिती असताना व्हावा.

एकदा यंत्र मिळालं की ते रुग्णाचंच. २०१४ मध्ये मेडिकेअरने ही यंत्रं भाड्याच्या पद्धतीत टाकली होती. मधेच रुग्ण नर्सिंग होम किंवा हॉस्पिसमध्ये गेला की भाडं थांबायचं आणि आवाजच हातचा जायचा. २०१५ च्या स्टीव्ह ग्लीसन कायद्याने पुन्हा एकरकमी खरेदी सुरू झाली आणि २०१८ मध्ये ती तरतूद कायमची झाली. त्यामुळे क्लेमवर एनयू मॉडिफायर (कोडमागची खूण: नवीन यंत्राची खरेदी). डिडक्टिबल (रुग्णाने आधी स्वतः भरायची रक्कम) भरल्यावर मेडिकेअर ८० टक्के देतं, उरलेले २० टक्के रुग्णाचे किंवा त्याच्या पूरक विम्याचे.

रुग्ण सध्या हॉस्पिटलमध्ये असेल तर ट्रेनिंगसाठी यंत्र डिस्चार्जच्या जास्तीत जास्त दोन दिवस आधी देता येतं, पण डेट ऑफ सर्व्हिस डिस्चार्जचीच लावायची. स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटी (नर्सिंग देखरेखीचं निवासी केंद्र) ‘घर’ धरली जात नाही, तिथे पार्ट बी या यंत्राचे पैसे देणार नाही.

आता कागदांचा क्रम, कारण बहुतेक फाइली इथेच अडकतात. रिपोर्टची प्रत डॉक्टरांकडे ऑर्डर लिहिण्याआधी पोचलेली हवी. ऑर्डर रिपोर्टच्या आधीची निघाली तर सगळी फाइल लंगडी पडते. ऑर्डरवर रुग्णाचं नाव किंवा मेडिकेअर नंबर, ऑर्डरची तारीख, वस्तूचं वर्णन, डॉक्टरांचं नाव किंवा एनपीआय (त्यांचा राष्ट्रीय ओळख क्रमांक) आणि सही हवी; एकापेक्षा जास्त नग असतील तर संख्याही. यंत्र ई२५१०, व्हीलचेअरला किंवा पलंगाला लावायचा माउंट ई२५१२, आणि आय-ट्रॅकिंगचा भाग ई२५९९. प्रत्येकाची वेगळी ओळ. ई२५९९ हा ‘इतर’ गटातला कोड आहे, नुसता कोड टाकला तर परत येतो. उत्पादक, मॉडेल आणि तो भाग का लागतो हे सोबत लिहा.

आणि बिलं दोन ठिकाणी जातात: इव्हॅल्युएशनचं तुमच्या नेहमीच्या पार्ट बी कॉन्ट्रॅक्टरकडे, यंत्राचं सप्लायरकडून डीएमई (टिकाऊ वैद्यकीय उपकरणं) कॉन्ट्रॅक्टरकडे. रिपोर्ट लिहिणाऱ्या थेरपिस्टचा सप्लायरशी नोकरीचा किंवा कुठलाही आर्थिक संबंध चालत नाही.

प्राजक्ता_एसएलपी

युनिट्स: ९२६०७ (इव्हॅल्युएशनचा पहिला तास) एक, ९२६०८ (पुढचा प्रत्येक अर्धा तास) एक. पहिला तास ९२६०७ मध्ये गेला, उरली ४० मिनिटं. त्यातल्या ३० चं एक युनिट, शेवटची १० वाया. पुढच्या युनिटसाठी अर्ध्याहून जास्त, म्हणजे किमान १६ मिनिटं लागतात. मोजायची ती रुग्णासमोरचीच मिनिटं, रिपोर्ट लिहायचा वेळ धरायचा नाही. मेडिकेअरला जीएन मॉडिफायर (स्पीच थेरपीची खूण) विसरू नका. पुढे यंत्र शिकवण्याचं आणि त्यात शब्द भरण्याचं काम ९२६०९ मध्ये. तो कोड वेळेवर नाही, दिवसाला एकच.

मुलाच्या केसमध्ये मला खरी शंका रिपोर्टबद्दल आहे. पुन्हा वाचून बघा. ‘यंत्रामुळे वर्गात सहभाग वाढेल, अक्षरओळख होईल’ अशी वाक्यं असतील तर ‘शैक्षणिक’ हा शिक्का आपणच मारून दिला. ध्येयं वैद्यकीय आणि रोजच्या जगण्याची लिहा: दुखतंय कुठे ते सांगणं, पाणी मागणं, नको म्हणणं, हरवल्यास नाव सांगणं.

दुसरी उणीव म्हणजे ट्रायलची माहिती. ‘मुलाला यंत्र आवडलं, छान वापरलं’ याने रिव्ह्यूअरचं समाधान होत नाही. त्याऐवजी असं: ‘चार आठवडे घरी आणि थेरपीत वापर. पहिल्या आठवड्यात एका पानावरच्या १२ चित्रांतून मदतीने मागणी. चौथ्या आठवड्यात ३६ चित्रांच्या पानावरून न सांगता दोन शब्द जोडले, दहापैकी सात वेळा.’ आकडे तुमच्या नोंदीतलेच हवेत, हा नुसता साचा आहे.

आणि साधे पर्याय का पुरत नाहीत, हे एकेक करून लिहा. खुणा: घराबाहेर कोणाला कळत नाहीत. चित्रांचे तक्ते: समोरचा बघत असेल तरच उपयोग, शेजारच्या खोलीतून हाक मारता येत नाही. फक्त रेकॉर्ड केलेले संदेश वाजवणारं यंत्र, म्हणजे ई२५०० ते ई२५०६: नवीन वाक्य तयार करता येत नाही. फक्त स्पेलिंगवर चालणारं ई२५०८: पाच वर्षांच्या मुलाला लिहिता येत नाही. एवढं झालं की ई२५१० आपोआप उरतो. हा भाग नसला की रिव्ह्यूअर ‘स्वस्त पर्याय तपासला नाही’ म्हणून मोकळा होतो.

अपील_वाचक

नकारपत्रातल्या दोन कारणांना दोन स्वतंत्र उत्तरं द्या, एकत्र गोधडी शिवू नका.

‘शैक्षणिक’: आधी प्लॅनचं पूर्ण डॉक्युमेंट आणि क्लेमची फाइल मागवा, फुकट द्यावी लागते. त्यात तसं एक्स्क्लूजन, म्हणजे वगळणारं कलम, शब्दशः आहे का बघा. नसेल तर तेच पहिलं वाक्य. असेल तर उत्तर असं: शाळा आयडीईए (अपंग मुलांच्या शिक्षणाच्या) कायद्याखाली शिक्षणापुरतं देते, ते यंत्र शाळेच्या मालकीचं असतं, आणि आयईपीमध्ये (मुलाची वैयक्तिक शिक्षण योजना) गरज नोंदवलेली असेल तरच घरी येतं. मुलाला पोटात रात्री दुखतं, सुट्टीतही दुखतं.

‘ग्राहकोपयोगी वस्तू’: सप्लायरकडून उत्पादकाचं पत्र घ्या की हे यंत्र वाचेसाठीच बनवलं आणि त्याच कोडखाली विकलं जातं. मेडिकेअरच्या २०१५ च्या राष्ट्रीय धोरणाचा दाखला जोडा: यंत्र मुख्यतः बोलण्यासाठी असेल तर ते ग्राह्य, ईमेल किंवा मेसेज पाठवता येतात म्हणून बाद होत नाही. खाजगी प्लॅनवर ते बंधनकारक नाही, पण बऱ्याच प्लॅनची धोरणं त्यावरूनच बेतलेली असतात.

एफ८०.२ पहिला असणं घातक ठरू शकतं, कारण विकासात्मक विलंब वगळणारे प्लॅन बरेच आहेत. मूळ कारण ऑटिझम आहे तर एफ८४.० पुढे आणा. पण डॉक्टरांच्या नोंदीत जे नाही ते पैशासाठी लावू नका. आर४८.२, म्हणजे ॲप्रॅक्सिया, तपासून नोंदवलेला असेल तरच.

मुदती: अंतर्गत अपील नकार मिळाल्यापासून १८० दिवसांत. तेही फेटाळलं तर बाहेरच्या परीक्षणाची मागणी चार महिन्यांत. सेल्फ-फंडेड प्लॅनला राज्याचे इन्शुरन्स नियम सहसा लागत नाहीत, पण पैसे कंपनीचे असतात. म्हणून वडिलांनी एचआरकडे अपवादासाठी लेखी विनंती करावी. हे खूप जण करतच नाहीत.

मुलाला मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या आणि अपंग लोकांसाठीचा सरकारी विमा) मिळू शकतं का तेही बघा. २१ वर्षांखालच्यांना ईपीएसडीटी या मेडिकेडच्या मुलांसाठीच्या तरतुदीखाली वैद्यकीय गरजेचं उपकरण द्यावं लागतं. बऱ्याच राज्यांत अपंग मुलांसाठी पालकांचं उत्पन्न न धरणारा मार्गही आहे. मेडिकेड इतर विम्यांनंतर शेवटी पैसे देतं, म्हणून आत्ताचं नकारपत्र जपून ठेवा, ते तिथे लागेल.

निशिगंधा_बिलिंग

सगळ्यांचे खूप आभार. रिपोर्टमध्ये ‘वर्गातील सहभाग’ खरंच तीन ठिकाणी आहे. एक राहिलं: पालक म्हणतायत, आम्हीच टॅब्लेट घेतो, तुम्ही फक्त ॲपचे पैसे मिळवून द्या.

केदार_डीएमई

ॲप ई२५११ (बोलण्याच्या सॉफ्टवेअरचा कोड) खाली मागता येतं, टॅब्लेटचे पैसे मिळणार नाहीत. पण घाई करू नका म्हणावं. मेडिकेअर अशा यंत्राचं आयुष्य पाच वर्षं धरतं, बरेच खाजगी प्लॅनही तेच धरतात, आणि एका वेळी एकच मंजूर होतं. आज ई२५११ घेतला तर पुढच्या वर्षी ई२५१० मागताना ‘आधीचं आहे की’ असं उत्तर येण्याचा धोका आहे. अपिलाचा निकाल लागेपर्यंत राज्याच्या असिस्टिव्ह टेक्नॉलॉजी प्रोग्रामकडून यंत्र उसनं मिळतंय का विचारा. मूल तोवर गप्प राहायला नको, आणि त्या वापराच्या नोंदी अपिलाला जोडता येतील.