'वादग्रस्त' की 'विवाद्य'? वर्गातल्या बोलण्याबद्दलचे काही शब्द

एक लेख मराठीत आणते आहे. विषय आहे विद्यापीठातल्या अध्यापकांचं स्वातंत्र्य आणि तासाला उच्चारलेल्या एखाद्या वाक्यावरून उठणारी वादळं. दोन ठिकाणी अडले आहे. 'अकॅडेमिक फ्रीडम'ला 'शैक्षणिक स्वातंत्र्य' लिहिलं, तर ते शिकायला मिळण्याचं स्वातंत्र्य वाटतं, शिकवणाऱ्याचं वाटत नाही. आणि 'कॉन्ट्रोव्हर्शियल रिमार्क्स'ला 'वादग्रस्त विधानं' लिहिलं की प्राध्यापक आधीच दोषी ठरून समोर येतात. मूळ लेखाचा सूर तसा नाही. तुम्ही काय लिहाल?

*

दुसरी अडचण आधी घेतो, कारण ती मला रोज भेटते. व्याख्यानांच्या ध्वनिमुद्रणांचं शब्दांकन करणं हे माझं काम आहे.

'ग्रस्त' हा ग्रस् धातूपासून आलेला शब्द. ग्रस् म्हणजे गिळणं. 'ग्रासणं' त्यातलाच, 'खग्रास'ही त्यातलाच. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, कर्जग्रस्त हे शब्द पाहा. बाहेरून काहीतरी आलं आणि त्यानं माणसाला गिळलं, असा त्यांचा अर्थ. पूरग्रस्तानं पूर आणला असं आपण कधी म्हणत नाही. मग 'वादग्रस्त विधान' म्हणजे वादानं गिळलेलं विधान. शब्दाच्या घडणीप्रमाणे ते बिचारं सापडलेलं आहे. वापरात मात्र उलटं झालं आहे. 'वादग्रस्त विधान केलं' असं वाचलं की विधानानंच वाद आणला, आणि तो आणायचाच होता, असं आपण धरून चालतो. 'विवादास्पद'चीही तीच गत. आस्पद म्हणजे नुसतं स्थान, पण 'हास्यास्पद', 'संशयास्पद' यांच्या शेजारी राहून त्यालाही काळपट छटा आली आहे.

आपल्याकडे तिसरा शब्द आहे, 'विवाद्य'. पूज्य, त्याज्य, तसा विवाद्य. ज्यावर वाद होऊ शकतो, व्हायला हरकत नाही, असा मुद्दा. त्यात दोषारोप नाही. 'हे अनुमान विवाद्य आहे' असं परीक्षक प्रबंधावर लिहितो तेव्हा तो अभ्यासकाचा अपमान करत नाही, त्याला बोलायला बोलावत असतो.

शिवाय दोन्ही शब्दांचा काळ वेगळा आहे. 'विवाद्य' हा गुण विधानात पहिल्यापासून असतो. 'वादग्रस्त' ही त्याची नंतर झालेली अवस्था. सकाळी अकराच्या तासाला जे वाक्य विवाद्य होतं तेच रात्रीपर्यंत वादग्रस्त होतं, आणि मधल्या वेळात त्यातलं एक अक्षरही बदललेलं नसतं.

तुमच्या लेखात जिथे भांडण उठल्यानंतरची हकीकत आहे तिथे 'वादग्रस्त' राहू द्या. जिथे शिकवण्याचं स्वरूप सांगितलं आहे तिथे 'विवाद्य'च हवा. ब्रिटनच्या १९८८च्या शिक्षण सुधारणा कायद्यात नेमकी अशी जागा आहे. रूढ समजुती तपासून पाहण्याचं, नवे विचार मांडण्याचं आणि 'कॉन्ट्रोव्हर्शियल' किंवा लोकांना न आवडणारी मतं मांडण्याचं स्वातंत्र्य अध्यापकांना कायद्याच्या चौकटीत असावं, आणि त्यापायी त्यांची नोकरी धोक्यात येऊ नये, असं तो म्हणतो. इथे 'वादग्रस्त मतं मांडण्याचं स्वातंत्र्य' असं लिहिलंत तर वाचणारा विचारेल, असलं स्वातंत्र्य हवंच कशाला? 'विवाद्य मतं' लिहिलंत तर कायद्याला काय राखायचं आहे ते कळेल.

*

'शैक्षणिक स्वातंत्र्य' इतकं रुळलं आहे की ते आता मोडू नये, असं माझं मत. 'अकादमिक स्वातंत्र्य'ही बरेच जण लिहितात. नवा शब्द घडवला की पहिल्या वाचनात ठेच लागते.

*

तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे, आणि संपूर्ण संकल्पनेसाठी मीही 'शैक्षणिक स्वातंत्र्य'च ठेवीन. पण ही संकल्पना जिथे वाढली तिथे ती एकाच शब्दात कोंबलेली नव्हती. जर्मनमध्ये 'लेरफ्राइहाइट' आणि 'लर्नफ्राइहाइट' अशी जोडी आहे. पहिलं शिकवणाऱ्याचं, दुसरं शिकणाऱ्याचं. विद्यार्थ्यानं कोणाची व्याख्यानं ऐकावी, कोणत्या विद्यापीठातून कोणत्या विद्यापीठात जावं हे त्यानं ठरवावं, हा दुसऱ्याचा भाग. आता मराठीत पाहा. अध्यापन आणि अध्ययन ही जोडी आपल्याकडे तयारच आहे. अध्यापनस्वातंत्र्य आणि अध्ययनस्वातंत्र्य. इतका चपखल बसणारा अनुवाद क्वचित सापडतो, तो हातचा का घालवायचा? लेखात पहिल्यांदा 'शैक्षणिक स्वातंत्र्य' येऊ द्या आणि व्याख्यानाचा मुद्दा आला की 'अध्यापनस्वातंत्र्य' लिहा. ठेच लागणार नाही.

जर्मनीच्या १९४९च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे तिथल्या राज्यघटनेत, कलम ५ मध्ये, कला, विज्ञान, संशोधन आणि अध्यापन मुक्त आहेत असं वाक्य आहे. त्याच्या पाठोपाठ, अध्यापनाचं स्वातंत्र्य राज्यघटनेवरच्या निष्ठेतून सुटका देत नाही, असं दुसरं. बंधन घातलं ते फक्त अध्यापनाला, नाव घेऊन. चारही गोष्टी एका 'शैक्षणिक'मध्ये घातल्या तर हा फरक दिसणारच नाही.

*

आणि 'रिमार्क'? मी 'विधान' घेतलं होतं. 'शेरा' चालेल का? 'टिप्पणी'? 'वक्तव्य'?

*

'वक्तव्य' नको. ते व्यासपीठावरचं किंवा पत्रकार परिषदेतलं. 'टिप्पणी' चालेल, थोडी कोरडी वाटते. 'शेरा' एका ठिकाणी हवा, त्याबद्दल खाली लिहितो. 'विधान'मध्ये एक मेख आहे. विधान म्हणजे बोलणाऱ्यानं स्वतःच्या जबाबदारीवर केलेलं प्रतिपादन. वर्गातलं बरंचसं बोलणं तसं नसतंच. अध्यापक दाखला देतो, 'समजा' म्हणून एक टोकाची बाजू उभी करतो, प्रतिपक्षाची मांडणी त्याच्याच जोमानं करतो, मुद्दाम प्रश्न टाकून गप्प बसतो. आपल्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष पूर्ण ताकदीनं मांडायचा आणि मग सिद्धान्ताकडे यायचं, ही शिस्तच होती. पूर्वपक्षाला कोणी ग्रंथकाराचं विधान म्हणत नाही.

एक गोष्ट जवळून दाखवतो. हे वाक्य वाचा:

"काही माणसं जन्मतःच गुलाम होण्यासाठी असतात आणि त्यातच त्यांचं हित असतं, असं ॲरिस्टॉटल मांडतो."

ॲरिस्टॉटलनं हे खरोखर मांडलेलं आहे आणि राज्यशास्त्राच्या वर्गात ते सांगावंच लागतं. आता मराठीची ढब पाहा. दुसऱ्याचं म्हणणं आधी सबंध येतं, ते कोणाचं हे शेवटी, 'असं' या एका शब्दाला टेकून. ध्वनिमुद्रण 'हित असतं'पाशी कापलं की उरतं ते अध्यापकाचं विधान. खोटा शब्द एकही घातलेला नाही, फक्त 'असं' गेलं. मी स्वतः शब्दांकन करताना एकदा हे केलं आहे. हेतू वाईट नव्हता. दोन फितींचा सांधा नेमका तिथे आला आणि वाक्य माझ्या कागदावर पूर्णविरामानं संपलं. व्याख्यात्यांनी कच्चा खर्डा वाचून फोन केला. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण घाबरलेला होता. तेव्हापासून मी त्या प्रकारची वाक्यं 'ॲरिस्टॉटलच्या मते' अशी सुरुवातीपासून बांधतो आणि ओळखीच्या अध्यापकांनाही तसंच बोलायला सांगतो. पण तसं सांगताना मला वाईट वाटतं. मातृभाषेत सहज बोलण्याची सवय माणसानं भीतीपोटी बदलावी, ही चांगली गोष्ट नाही.

*

मला एक वेगळी बाजू सांगायची आहे. मी विद्यार्थिनी आहे. एका तासाला आमच्या शिक्षकांनी माझ्या बोलण्याच्या धाटणीवरून मी कुठल्या वस्तीतली असेन याचा अंदाज बांधला आणि वर्ग हसला. विषय संख्याशास्त्राचा होता. मी तक्रार केली तेव्हा उत्तर मिळालं, "त्यांना वर्गात बोलण्याचं स्वातंत्र्य आहे." तुम्ही 'विवाद्य' म्हणालात तर असल्या बोलण्यालाही तो शब्द पांघरता येईल.

*

तुम्हाला जे सहन करावं लागलं त्याला 'विवाद्य' म्हणता येणार नाही, 'मत'ही नाही. 'शेरा' हा शब्द मी इथेच हवा म्हणालो होतो. शेरा एखाद्या माणसावर मारला जातो. विवाद्य असतो तो मुद्दा, आणि मुद्द्याचा प्रतिवाद करता येतो. आपल्या वस्तीचा कोणी काय प्रतिवाद करणार? त्याला हेटाळणी म्हणावं. 'भावना दुखावल्या' असंही लिहू नये, कारण त्या शब्दांनी दोष ऐकणाऱ्याच्या मनावर ढकलला जातो. आणि हे अध्यापनस्वातंत्र्यात बसत नाही याचं कारण शब्दातच आहे. ते अध्यापन नव्हतं.

अमेरिकेतल्या अध्यापकांच्या संघटनेनं, १९१५ साली स्थापन झालेल्या एएयूपीनं, १९४०च्या निवेदनात हीच रेघ ओढायचा प्रयत्न केला. शिक्षकाला वर्गात आपल्या विषयाची चर्चा करण्याचं स्वातंत्र्य आहे, पण विषयाशी संबंध नसलेल्या 'कॉन्ट्रोव्हर्शियल' गोष्टी शिकवण्यात आणू नयेत याची काळजी त्यानं घ्यावी. याचा अर्थ काहींनी 'वादाचं काही बोलूच नका' असा लावला. म्हणून १९७०च्या खुलाशात लिहावं लागलं की वाद हा मुक्त विद्याव्यवहाराच्या केंद्रस्थानीच असतो, आक्षेप आहे तो विषयाबाहेरचं पुन्हा पुन्हा घुसडण्याला.

संघटनेच्या जन्मामागची एक कथा मात्र अवघड आहे. १९०० साली स्टॅनफर्डमधून एडवर्ड रॉस या अर्थशास्त्रज्ञाला जावं लागलं. विद्यापीठाच्या संस्थापक जेन स्टॅनफर्ड यांना त्यांची जाहीर भाषणं खपली नव्हती. त्या भाषणांत आशियातून येणाऱ्या स्थलांतरितांविरुद्धचा उघड वंशद्वेष होता. तो मला घृणास्पद वाटतो. तिथलेच तत्त्वज्ञानाचे अध्यापक आर्थर लव्हजॉय यांनी राजीनामा देऊन निषेध केला तो या पद्धतीचा, एका धनवान व्यक्तीच्या नाराजीवर अध्यापकाची नोकरी जाण्याचा. पुढे एएयूपी उभारणाऱ्यांत ते होते. ही भाषणं वर्गाबाहेरची होती, म्हणून 'अध्यापनस्वातंत्र्य' इथे वापरता येणार नाही. त्याला 'नागरिक म्हणून बोलण्याचं स्वातंत्र्य' असं लांबलचक लिहावं लागेल, आणि लिहावं.

*

क्रियापदांबद्दल एक भर. १९५४ साली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर विद्यापीठात मार्क्सवादी अर्थशास्त्रज्ञ पॉल स्वीझी यांनी एक व्याख्यान दिलं आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलनी त्यांना चौकशीला बोलावलं. प्रश्न असे होते: समाजवाद या देशात अटळ आहे असं तुम्ही वर्गाला सांगितलंत का? मार्क्सवादाचा पुरस्कार केलात का? स्वीझींनी उत्तर द्यायला नकार दिला, त्यांच्यावर अवमानाचा ठपका आला आणि १९५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. 'सांगणं', 'मांडणं', 'पुरस्कार करणं', 'कैवार घेणं' या पायऱ्या आहेत. चौकशी करणाऱ्याला सगळ्यांची मिळून एकच पायरी करायची असते. अनुवादात तरी त्या वेगळ्या राहाव्यात.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. १९४०चं वाक्य असं केलं आहे: "अध्यापकाला वर्गात आपल्या विषयाची चर्चा करण्याचं स्वातंत्र्य आहे, मात्र विषयाशी संबंध नसलेल्या विवाद्य गोष्टी अध्यापनात वारंवार येऊ नयेत याची त्यानं काळजी घ्यावी."

*

सुरेख झालं आहे. फक्त 'वारंवार' काढा. तो १९७०चा शब्द आहे, १९४०च्या वाक्यात नाही, आणि मधली तीस वर्षं लोक त्याच्याविनाच ते वाक्य वाचत होते.