पदवीच्या वर्गात नोट्स सांगून लिहून घेणं बंद करावं का?

काळीमाती
माझ्या मते करावं. तास 48 मिनिटांचा. हजेरी, बस उशिरा आलेली पोरं, यात दहा-बारा मिनिटं जातात. उरलेल्या 35 मिनिटांत मिनिटाला 12-15 शब्द धरले तरी जेमतेम पाचशे शब्द वहीत उतरतात. तेवढा मजकूर पाच मिनिटांत वाचून होतो. 2 क्रेडिटच्या पेपरला 30 तास मिळतात, ते यातच संपतात.

अर्थशास्त्रातली मागणीची लवचिकता घ्या, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते त्याचं माप. व्याख्या सगळ्यांच्या वहीत तंतोतंत असते. पण वांग्याचा भाव 10 वरून 12 रुपये झाला, मागणी 100 किलोवरून 90 वर आली, आता लवचिकता काढा म्हटलं की पोरं 10 भागिले 2 करतात. उत्तर 5. टक्के काढायचेच राहतात. खरं म्हणजे मागणीतली घट 10 टक्के भागिले भाववाढ 20 टक्के, 0.5. पाच आलं की मागणी जास्त लवचिक ठरते, 0.5 आलं की कमी. निष्कर्षच उलटा! ही चूक वर्गात गणित सोडवून घेतल्याशिवाय सापडत नाही.

तासिकावाला
सर, हे कायम नोकरीतलं बोलणं झालं. नव्या शैक्षणिक धोरणानं अभ्यासक्रम बदलला, त्याचं मराठी पुस्तक बाजारात येईस्तोवर अर्धं सत्र संपते. लायब्ररीत जुन्याच अभ्यासक्रमाची पुस्तकं. सोयाबीनची सोंगणी लागली की वर्ग अर्धा, मग लगेच कापूस वेचणी. अशा पोराजवळ वहीशिवाय दुसरं काय असते? झेरॉक्स द्या म्हणाल, तर 40 पोरं, पेपरला 8 पानं, पानाला 2 रुपये: 640 रुपये. आम्हाला मानधन तासाचं, तयारीचं नाही. तेही कित्येक महिने अडकते.

काळीमाती
वेचणीला गेलेला पोरगा नोट्स सांगताना वर्गात नसतोच की! तो मित्राची वही उतरवतो. मूळ वहीत ‘घटते’चं ‘वाढते’ झालेलं असलं की तीच चूक चार वह्यांत जाते.

आलापल्ली रोड
इकडे गडचिरोलीत भामरागड-एटापल्लीकडची बरीच पोरं घरी माडिया ही आदिवासी भाषा बोलतात, मराठी त्यांची शाळेतली भाषा. ऐकून लिहिताना त्यांचं वाक्य मध्येच तुटते, पुढचं जोडायला वेळ मिळत नाही. म्हणून तोंडी सांगण्याला माझा विरोध. पण फळ्यावर लिहून देण्याला अजिबात नाही. दोन्ही गोष्टी एकाच पारड्यात टाकू नका.

आणि पीडीएफ टाकली म्हणजे झालं, असंही नाही. वहीच्या पानांचे फोटो जोडून केलेली 20 एमबीची फाइल या नेटवर्कवर उतरत नाही. तोच मजकूर टाइप केला की दोन-तीनशे केबीत बसते.

संत्रापट्टा
प्रश्नपत्रिकेत ‘टिपा लिहा’च येणार असेल तर वर्ग बदलून करायचं काय?

काळीमाती
टिपेलाही आकृती लागते. मागणी वक्रात किंमत उभ्या अक्षावर असते. पाठ करणारा ती आडव्यावर घेतो नाहीतर अक्षांना नावंच देत नाही, तिथं गुण जातात.

मी सुचवतो ते अर्धवट टिपण. कागदावर मथळे आणि व्याख्या छापलेल्या, गणिताची व आकृतीची जागा कोरी. दहा मिनिटं समजावून सांगायचं, पंधरा मिनिटं कोरी जागा भरून घ्यायची, त्या वेळात बाकांमधून फिरायचं. शेवटी तीन-चार ओळी फळ्यावर. गैरहजर पोराला कागद मिळतो, आणि त्याचं काय राहिलं ते कोऱ्या जागेवरून त्यालाच दिसते. कोरी जागा मात्र मोठी सोडा, दोन बोटांच्या चौकोनात आकृती बसत नाही.

तासिकावाला
गणित सोडवून घेणं पटलं. व्याख्या मी सांगणारच. 640 रुपयांचं काय?

काळीमाती
चार घटकांना चार कागद, पाठपोट. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलींसाठी कॉलेजात कागदांचे गठ्ठे निघतात, हेही निघतील. सत्र सुरू होण्याआधी विभागप्रमुखांमार्फत प्राचार्यांकडे अर्ज द्या, सोबत पानांचा हिशेब जोडा.

तासिकावाला
सत्र सुरू होण्याआधी? आमची नेमणूकच कित्येकदा ऑगस्ट-सप्टेंबरात होते. अर्ज विभागप्रमुखांनीच द्यावा, पानं मी टाइप करून देतो.