मे महिन्यात घनचक्करचा माथा: मोठा गट आणि न मळलेली वाट

डोंगरपाऊल:
नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या मध्यावर आमचा 14 जणांचा गट अकोले तालुक्यातील शिरपुंजे गावातून भैरवगड आणि त्याच्या शेजारचा घनचक्कर हे दोन्ही माथे एकाच दिवशी करण्याच्या विचारात आहे. गटात दहावीची परीक्षा दिलेल्या मुलांपासून साठीच्या काकांपर्यंत सगळे आहेत. कळसूबाई आणि पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड सर्वांनी केलेला असल्याने दमाची काळजी नाही, परंतु वाट शोधत चालण्याची सवय कोणालाच नाही. भैरवगडाला खोदीव पायऱ्या आणि रेलिंग आहेत. या दोन्हींमधल्या खिंडीपासून घनचक्करच्या 1532 मीटर उंचीच्या माथ्यापर्यंत मात्र मळलेली वाट नाही, असे कळते. एवढा मोठा गट उन्हाळ्यात तिथे न्यावा का, आणि न्यायचा झाल्यास पाणी व वेळ यांचे गणित कसे मांडावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कातळकडा:
वाट नाही म्हणण्यापेक्षा वाटा फार आहेत, ही तिथली खरी अडचण आहे. खिंडीच्या वरच्या उतारावर गुरांच्या ढोरवाटा आडव्या-तिडव्या फुटलेल्या आहेत. त्यांतली प्रत्येक वाट पहिली काही पावले खात्रीची वाटते आणि मग कारवीत किंवा कड्याच्या काठावर विरून जाते. चढताना याचे फारसे काही वाटत नाही, कारण वर जायचे एवढेच ठाऊक असले तरी माणूस पठारावर पोहोचतो. चकवा बसतो तो उतरताना, कारण माथ्याचे पठार चांगलेच रुंद आहे आणि नेमक्या कोणत्या सोंडेवरून (डोंगराच्या खाली उतरत गेलेल्या धारेवरून) आपण वर आलो ते वरून ओळखू येत नाही. म्हणून पठाराला पाय लागताच सगळ्यांनी मागे वळून उतरायच्या जागेचा फोटो काढावा, तिथे एखादी गडद रंगाची ओढणी कारवीला बांधावी आणि परतताना ती आठवणीने सोडून आणावी. दगडांवर रंगाचे बाण काढू नयेत. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

दुसरी गोष्ट घसाऱ्याची. मे महिन्यात मुरमावर वाळलेल्या गवताचा थर असतो आणि त्यावरून उतरणे म्हणजे नाचणी सांडलेल्या फरशीवरून चालण्यासारखे आहे. पावसाळ्यानंतर ज्या उताराकडे कोणी लक्षही देत नाही, त्याच उतारावर उन्हाळ्यात बसून, हात टेकत यावे लागते. 14 जण एकामागोमाग उतरू लागले, तर वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. अशा जागी एकेकाने उतरावे आणि उतरलेल्याने सरळ खाली न थांबता बाजूला सरकून उभे राहावे. यात किती वेळ मोडतो, याचा अंदाज नवख्या गटाला सहसा येत नाही.

रानवारा:
माझे मत थोडे वेगळे आहे. हा गट घनचक्करला सरसकट नेऊच नये. सर्वांनी मिळून भैरवगड करावा, तिथे गुहांच्या सावलीत निम्म्या मंडळींनी थांबावे आणि ज्यांची पावले घसाऱ्यावर स्थिर आहेत, अशा पाच-सहा जणांनीच गावातला वाटाड्या घेऊन पुढे जावे. शिरपुंज्यात गुरे राखणाऱ्या कोणालाही ही सोंड पाठ असते. त्याचा मोबदला आदल्या दिवशीच ठरवावा, त्यात घासाघीस करू नये. रविवार पाहून जाऊ नये, एवढेच माझ्याकडून आणखी सांगणे. रविवार हा भैरोबाचा वार असल्यामुळे पायऱ्यांवर भाविकांची वर्दळ असू शकते.

डोंगरपाऊल:
दोघांचेही आभार. गट विभागण्याची सूचना पटली, काकांनाही ती मान्य आहे (मुलांना नाही). भैरवगडावरच्या टाक्यांच्या भरवशावर पाणी कमी घेतले तर चालेल का?

कातळकडा:
चालणार नाही. टाकी आहेत, परंतु मे महिन्यात कोणत्या टाक्यात पिण्याजोगे पाणी उरले आहे, हे त्या आठवड्यात गड चढून आलेला गावकरीच सांगू शकेल. पुढे जाणाऱ्या प्रत्येकाने चार लिटर पाणी पाठीवर घ्यावे, थांबणाऱ्यांनी तीन. सोबत मीठ-साखर किंवा ओआरएस असू द्यावे. पठारावर सावलीचा पत्ता नसतो. उन्हात चालणारा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची त्वचा तापून कोरडी पडली, तर ती नुसती दमणूक नव्हे, उष्माघाताची लक्षणे आहेत. त्याला लगेच सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि मदतीसाठी गावात निरोप पाठवावा.

माळरान:
वरच्या चर्चेत वळवाचा उल्लेख राहिला आहे. मे महिन्यात सकाळी आभाळ स्वच्छ असले, तरी दुपारनंतर ढग जमून विजा होतात आणि त्या उघड्या पठारावर तुमच्यापेक्षा उंच काही नसते. पहाटे साडेपाचला गाव सोडावे आणि साडेदहा वाजले की माथा डोळ्यांसमोर असला तरी मागे फिरावे. ही वेळ आदल्या रात्रीच सर्वांसमक्ष ठरवावी, कारण वर गेल्यावर प्रत्येक जण आणखी दहा मिनिटे मागतो. कड्यांना आग्या मोहोळे असू शकतात, तेव्हा अत्तर, डिओ आणि आरडाओरडा टाळावा. चहासाठी स्टोव्हदेखील नको, वाळल्या गवतात एक ठिणगी पुरते. राजूरहून पुढे दुकाने तुरळक आहेत, त्यामुळे लिंबे, काकड्या आणि गाडीचे इंधन तिथेच घेऊन ठेवावे.