मदत हवी आहे: स्वतःच्या कलेक्शनवर लूप फार हळू चालतोय, यील्ड काढून टाकू का?

हळदगाव: मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडतीसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करतेय. पोत्यांच्या वजनांसाठी स्वतःचा क्लास लिहिलाय, आत ४०९६ वजनांचे तुकडे. लूपला एकेक वजन मागेल तसं यील्ड रिटर्नने देते. यादीला आठ सेकंद लागतात. यील्ड काढू का? सौदे चालू आहेत, आजच हवंय.

मिरज_जंक्शन: सी शार्प भाषा धरतो. पोती किती? डीबग बिल्ड (चुका शोधायची संथ आवृत्ती) तर नाही ना?

हळदगाव: सी शार्पच. ४०,०००. रिलीज.

कृष्णाकाठ: काढाच. यादीवरच्या दर फेरीला हीपवर (नंतर साफ करावी लागणारी मेमरी) एक ऑब्जेक्ट जातो, शिवाय पोत्यागणिक मूव्हनेक्स्ट (पुढे सरक) आणि करंट (आताचं दे) असे दोन कॉल इंटरफेसमधून, म्हणजे मेथडच्या ठरलेल्या करारातून. तयार लिस्टचा इन्यूमरेटर (एकेक घटक पुढे देणारा) बघा, स्ट्रक्ट आहे, हीपवर वेगळा ऑब्जेक्ट लागत नाही. फॉरईचला इंटरफेस लागतच नाही, गेटइन्यूमरेटर मेथड मिळाली की बास. मी सगळीकडे हेच करतो.

मिरज_जंक्शन: ४०,००० पोत्यांना आठ सेकंद त्यानं लागत नाहीत हो. आणि आयइन्यूमरेबल (फेरी मारण्यासाठीचा इंटरफेस) घेणाऱ्या फंक्शनला दिला की तुमचा स्ट्रक्टवालाही बॉक्स होतोच, म्हणजे हीपवर जातोच.

कृष्णाकाठ: लॉटमागे दहा-दहा पोत्यांची फेरी असेल तर ऑब्जेक्टचा ढीग पडतो. तिथं फरक पडतो, मी मोजलाय.



मिरज_जंक्शन: ताई, लूप दाखवा आधी.

हळदगाव: साधाच आहे. अनुक्रमांक छापायचा म्हणून फॉर. आय हा वजने.काउंट() पेक्षा लहान असेपर्यंत, आत वजने.एलिमेंटॲट(आय).

मिरज_जंक्शन: सापडलं! यील्डमधून येणाऱ्या माळेची लांबी आधी कळत नाही. काउंट() दर वेळी सगळी ४०,००० मोजतं, एलिमेंटॲट पहिल्या पोत्यापासून चालत येतं. १६० कोटी आणि ८० कोटी पावलं झाली. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवासारखं (हळद साठवायचा जमिनीतला खड्डा) आहे, वरची हळद काढल्याशिवाय खालची हाताला लागत नाही. इंडेक्सर द्या, म्हणजे क्रमांकावरून थेट वजन मिळेल: क्रमांकाला ४०९६ ने भागून तुकडा, उरलेली बाकी ती जागा. पोत्यांची संख्या क्लासच्या फील्डमध्ये (व्हेरिएबलमध्ये) साठवा. यील्ड राहू दे.

हरिपूरकर: २००५ च्या पुरात पेवांचं फार नुकसान झालं. आमच्या आजोबांचंही होतं एक.

हळदगाव: केलं. बटण दाबताच यादी आली! खूप आभार. यील्ड ठेवलंय, ग्रुपबाय (गट पाडणं) आणि सम (बेरीज) त्यावरच चालतात. पण लॉटमागच्या छोट्या फेऱ्या माझ्याकडे खरंच आहेत. एका क्लासात दोन गेटइन्यूमरेटर कसे ठेवायचे?

कृष्णाकाठ: स्ट्रक्ट देणारा पब्लिक, यील्डवाला इंटरफेसच्या नावाने एक्स्प्लिसिट (फक्त इंटरफेसमधूनच दिसणारा). फॉरईच पब्लिक उचलतं, ग्रुपबाय दुसरा. तो स्ट्रक्ट इन्यूमरेटर रीडओन्ली (नंतर न बदलणाऱ्या) फील्डमध्ये मात्र ठेवू नका. दर कॉलला त्याची नक्कल होते आणि फेरी पुढे सरकतच नाही.