चाफ्याची घडी कशी घालायची?

दुपारची_बाई
आमची शाळा द्विशिक्षकी, माझ्याकडे तिसरी-चौथी, मिळून एकोणीस पोरं. कार्यानुभवाला सममिती घेतली. पतंगाच्या कागदाचे चौकोन, तीन घड्या, कडेला कातरकाम. उघडल्यावर वर्गात एकच गलका. वर्गभर दोरी बांधून सगळं टांगलं. इथवर मजेत.

मग एकीने अंगणातलं पांढऱ्या चाफ्याचं फूल आणलं. "बाई, ह्याची घडी कशी घालायची?" मी म्हटलं, घाल की मधोमध. ती बसली पाकळ्या जुळवत. जुळेनात! प्रत्येक पाकळी शेजारणीवर एका बाजूने चढलेली. आणि फळ्यावर माझ्याच अक्षरात: ‘सममिती म्हणजे घडी घातल्यावर दोन्ही बाजू जुळणे.’ फळा पुसावा की फूल लपवावं, अशी गत.

चाफ्याला सममिती नाही म्हणून सांगू? डोळ्यांना तर आहे असंच वाटतं. मुलांकडून नेमकं काय करून घेऊ? कंपास सात जणांकडे, धड कात्र्या तीन. प्रिंटआउट काढा वगैरे कृपया सुचवू नका.

पाढे_पंचावन्न
बाई, फळा पुसा. घडी ही एक सममिती, फिरवणं ही दुसरी. चाफा ७२ अंश फिरवला की पुन्हा तसाच दिसतो, पाच वेळा. घडी मात्र एकही नाही. तगर, सदाफुली यांचीही तीच तऱ्हा.

अंश वगैरे चौथीला नको. भिरभिरं करा. टेबलावर ठेवा, मुलांना डोळे मिटायला लावा, पाव वळसा द्या. "फिरवलं की नाही?" ओळखता येणार नाही. मग एका पात्यावर शाईचा ठिपका द्या आणि पुन्हा खेळा.

एक गंमत दोरीवरच टांगलेली आहे तुमच्या. तीन घड्यांनी भाग आठ पडतात, पण शेजारचे दोन भाग एकमेकांचे आरसे असतात. म्हणून कातरकाम वाकडंतिकडं असेल, तर ती नक्षी फिरवून चारदाच जुळते. मोजायला लावा. मी सातवीला विचारायचो, निम्मा वर्ग आठच म्हणायचा.

ठिपक्यांची_वही
कंपास कशाला हवा? एकाच मापाच्या सात बांगड्या आणा. एक मधे, सहा भोवती. बरोब्बर बसतात, फट राहत नाही. त्यांच्या मधोमध टिंबं देऊन सहा पाकळ्यांचं फूल काढता येतं.

आणि रांगोळी विसरलात काय! आपली १५ ते ८ ही षटकोनीच असते. मधली ओळ पंधराची, वर-खाली एकेक कमी करत आठवर थांबायचं, ठिपके आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधे. मुलांना ५ ते ३ पुरे, एकोणीस ठिपके. (तुमची पोरंही एकोणीसच, एकेकाने एकेक द्यावा.) आठवर न थांबता पार एकापर्यंत गेलात, तर शंकरपाळं होतं आणि ते अर्ध्या वळशालाच जुळतं. भोकांचा कागद वापरू नका हो. ठिपके हाताने चुकूदेत, मग कुठली बाजू वाकडी झाली ते पोरंच सांगतात.

खळ_आणि_कात्री
वरचं सगळं खरं, पण बाईंनी विचारलाय चाफा. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची एकच पाकळी कापा, जरा एका अंगाला झुकलेली. टोकाला टाचणी मारून ती कागदावर फिरवत पाच वेळा गिरवा. कात्री एकदाच लागते, तीन पुरतील.

पाच सारखे भाग कसे? कागदाच्या लांब पट्टीला साधी गाठ मारा, हलके ओढत चपटी करा. पंचकोन तयार. त्याचे कोपरे म्हणजे पाकळ्यांच्या दिशा.

पाकळ्या चिकटवणार असाल तर पहिलीची एक कड मोकळी ठेवा. पाचवी तिच्याखाली सरकवायची असते. नाहीतर शेवटची पाकळी वरच बसते आणि फूल फिरवल्यावर तिथेच अडतं. मी पहिल्या खेपेला बारा फुलं अशी वाया घालवली आहेत.

दुपारची_बाई
केलं! गाठीच्या पंचकोनाने अर्धा तास खाल्ला, पट्टी ओढताना फाटते. रद्दीच्या वहीचा कागद टिकला. शेवटच्या पाकळीची सूचना दोनदा सांगूनही सात जणांनी ती वरच चिकटवली. मग ती सात आणि बाकीची बारा फुलं मिसळून फिरवायचा खेळ घेतला. चुकलेली लगेच सापडली, तेव्हा ती टाकली नाहीत, भिंतीवर वेगळी लावली.

फळ्यावर आता दोन वाक्यं आहेत. ‘घडी’ आणि ‘फिरकी’, हे शब्द पोरांचेच.

चाफावाली काल गोकर्ण घेऊन आली. फिरवून पाहिली, जुळेना. घडी घातली, जुळली. "बाई, हिला एकच येते," म्हणाली आणि वहीत चिकटवून मोकळी झाली.